पहिल्या संध्याकाळची सुपारी

‘कट्.’

अडकित्त्यात सुपारी फुटली आणि पाऊण तास कोणी न बोललेल्या त्या खोलीत सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

विमलताईंनी खांड निरखून डब्यात टाकलं. धाकटा भाऊ समोरच बसला होता, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. तरी त्या भावजयीला म्हणाल्या, “शोभा, मधूले सांग, पाहुणे बारा वाजता येऊन राह्यले. पायजमा बदल म्हणा.”

मधुसूदनरावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. “शोभा, ताईले सांग, पाहुणे एक वाजता येतात. अन् पायजमा सकाळीच बदलला.”

“बारा म्हणा.”

“एक म्हणा.”

“मी काय टपाल वाटतो काय?” शोभाताईंनी मांडीवरच्या परातीत तुरीची ओली शेंग जरा जास्तच जोरात फोडली. “समोरासमोर बसून राह्यले, दोघांले देवानं तोंडं देल्ली. अन् मधात मी!”

अनघा दाराच्या उंबऱ्यावर बसून सासूबाईंसोबत शेंगा सोलत होती. तिला हसू आलं आणि लगेच अपराधीही वाटलं, कारण हा अबोला तिच्यामुळेच होता. शेजारी सहा वर्षांची वंती बसली होती. चार दाणे परातीत आणि एक तोंडात, असा तिचा हिशोब चालला होता. कागदोपत्री मधुवंती, आजोबांनी आवडत्या रागाचं नाव ठेवलं होतं, आणि घरात त्या रागाची फक्त शेपटी उरली होती.

आठ दिवसांपूर्वी पुण्याहून पत्र आलं. कलाव्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अनघाची निवड झाली होती. जानेवारीत वर्ग सुरू. होकार आजच्या रविवारी, संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा. बातमीनं खरं तर कोणी एवढं भडकलं नसतं. पण क्षितिज, अनघाचा नवरा, मोठा भोळा माणूस. बायकोनं अर्जासोबत लिहिलेला निबंध त्यानं कौतुकानं वडलांना वाचायला दिला.

त्या निबंधात आर्णीतला त्यांच्या घरचा नाटक-लोककलांचा महोत्सव होता. आजेसासऱ्यांनी सुरू केलेला, दर डिसेंबरात कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात तीन संध्याकाळी भरणारा, शेहेचाळीस वर्षं एकदाही न चुकलेला. आणि त्यात हेही होतं : ‘गेल्या वर्षी भजनी मंडळातल्या एका मुलीनं मला विचारलं, ताई, साडी कुठं बदलू? मी तिला रुईच्या गाठींच्या मागे नेलं आणि पाठ करून पहाऱ्याला उभी राहिले. दुसरं मला काही करता आलं नाही.’

मधुसूदनरावांनी निबंध घडी करून टेबलावर ठेवला होता. “आपल्या घरची अब्रू पुण्याले पोचली,” एवढंच बोलले. त्यावर विमलताई म्हणाल्या, “खोटं लिहिलं काय तिनं?” आणि त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद.

“तू काय ठरवलं?” क्षितिजनं आत्ता वाकून हळूच विचारलं.

“तू काय म्हणतोस?”

“तू म्हणशील ते.”

अनघानं एक शेंग फोडली. ‘तू म्हणशील ते’ हे वाक्य दिसायला तक्क्यासारखं होतं, पण टेकायला गेलं की मागे सरकायचं.

“आईऽऽ,” मधेच उठून खिडकीत गेलेली वंती ओरडली, “टोपीवाले आबाजी आले!”

भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच मिनिटं कमी होती. विमलताईंनी विजयी मुद्रेनं पदर सावरला.

*

मुकुटबनचे नानाजी, तिथल्या दंडारीच्या, म्हणजे नाचत-गात रंगणाऱ्या लोकनाट्याच्या, मंडळींचे म्होरके, दोन एस्ट्या बदलून आले होते. सत्तरी ओलांडलेली, पण चाल अजून ढोलकीच्या ठेक्यावर पडावी तशी. त्यांनी पाय धुतले, बोरांची पिशवी वंतीच्या हातात दिली, आणि रिवाजाप्रमाणे कमरेच्या बटव्यातून सुपारी काढून देव्हाऱ्यासमोरच्या तबकात ठेवली.

मधुसूदनराव पाहतच राहिले.

या घरात महोत्सव लग्नासारखा चालत आला होता. कार्यक्रमाचं निमंत्रण पत्रानं जात नसे; घरचं माणूस स्वतः जाऊन अक्षत आणि सुपारी देई. पहिल्या संध्याकाळचा मान एकाच मंडळींचा. त्यांचा म्होरका आठ दिवस आधी मांडवाची जागा पाहायला येई, ती सुपारी देवापुढे ठेवी आणि जेवून जाई. कागद नाही, सही नाही. शब्द. आणि तो शब्द द्यायला दरवर्षी बहीण-भाऊ एकाच गाडीतून, वाटेत भांडत, एकत्र जात.

यंदा मधुसूदनराव एकटेच गेले होते. उमरखेडला.

‘ताई नाही येत तर नाही येत,’ असं म्हणत त्यांनी बसमध्ये खिडकीजवळची जागा धरली होती. तिकडे कॉलेजात शिकवणाऱ्या, नाटकं बसवणाऱ्या राजदीपच्या हातावर त्यांनी सुपारी ठेवली, तेव्हा त्या पोरानं वाकून नमस्कार केला होता. आत्ता बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बरोबर एक वाजला होता.

राजदीप हेल्मेट काखेत धरून आत आला. तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा. “नमस्कार सर!” त्यानं खिशातून सुपारी काढली, देव्हाऱ्याकडे वळला आणि थबकला.

तबकात एक सुपारी आधीच होती.

“सर,” तो म्हणाला, “ही कोणाची?”

“माही हाये, भाऊ,” नानाजी पाटावरून म्हणाले. “काहून?”

खोलीत असं झालं, जणू लग्नात एका नवरीसाठी दोन वराती दारात याव्यात. मधुसूदनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सुपाऱ्या दोनच राहिल्या.

“ताई, तू मुकुटबनले गेलतीस?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“मंग काय करतो? तू रुसून बसलता. मले वाटलं, यंदा हा काही घराभायेर पडत नाही. शेहेचाळीस वर्षांचा रिवाज मोडतो काय मी?”

“मले वाटलं, तू जाऊन नाही राह्यली!”

“विचाराचं होतं.”

“कोणाले? तू बोलत होतीस काय?”

“तू बोलत होतास काय?”

“बोलले बाई एकदाचे,” शोभाताई पुटपुटल्या आणि पानं वाढायला आत गेल्या.

*

पाहुणे भांडले असते तर शोभाताईंना बरं वाटलं असतं. पण ते गोड बोलायला लागले.

“तुम्हीच करा पहिल्या दिवशी, नानाजी. तुम्ही मोठे.”

“नाई भाऊ, तुमचं शिकल्या लोकांचं नाटक. तुम्ही करा. आमचं काय, पुढच्या सालाले पाहू.”

ओल्या तुरीच्या दाण्यांची सोलेभाजी वाढता वाढता शोभाताईंनी ते ‘पुढच्या सालाले’ ऐकलं आणि त्यांना कळलं. हा माणूस आता पुन्हा कधी आर्णीला येणार नाही. पोरगाही येणार नाही. या भागात कोणी रागावून निघून गेलं तर मागे जाऊन हात धरता येतो. नमस्कार करून निघून गेलेल्याचं काही करता येत नाही.

त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. नानाजींच्या भातावर अजून एक पळी तूप, राजदीपच्या पानात अजून एक भाकर. तीस वर्षं या घराची भांडणं त्यांनी अशीच पानाखाली दडपली होती. तबलजी रुसला, पुरणपोळी. सूत्रसंचालक रुसला, पुरणपोळी. एका वर्षी तर मांडववाला दोन दिवस मुक्कामाला होता.

“मी थकली ना अनघा,” त्या स्वयंपाकघरात सुनेला म्हणाल्या. हातात रिकामी पळी. “इतकं कोणाकोणाले जेवू घालू?”

अनघानं त्यांच्या हातातून पळी घेतली. “आई, यांना कोणी विचारलंय का, की पहिलीच संध्याकाळ का पाहिजे?”

“मान असते न. त्यात काय विचाराचं?”

“तरी.”

ती साबण आणि टॉवेल घेऊन हात धुवायच्या जागी गेली. शोभाताईंनी दारातून पाहिलं : सून बोलत कमी होती, ऐकत जास्त होती. आपण तर इतक्या वर्षांत पाहुण्याला ‘अजून घ्या’ सोडून काही म्हटलंच नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

*

राजदीपचं कारण सरळ होतं. त्याच्या नाटकात रंगमंचावर विहीर होती, लाकडाची, चार तुकड्यांत. “जोडायला दोन तास लागतात, वहिनी. बाकीच्या दिवशी एकामागून एक कार्यक्रम. मधे वेळच नाही. मानाचं मला खरंच काही नाही, पण सरांना कसं सांगू?”

नानाजींनी मात्र आधी टाळलं. “मान असते सूनबाई. बुढ्या माणसाले दुसरं काय पाहिजे?” मग टॉवेलनं हात पुसून झाले तरी पुसतच राहिले.

“काही दुसरं असेल तर सांगा, नानाजी.”

“कसं सांगू तुले.” त्यांनी आवाज खाली आणला. “आमच्या दंडारीत आजवर पोट्टेच लुगडे नेसून नाचत. यंदा पहिल्यांदा पोरी हायेत. माही नात अपेक्षा अन् तिची एक मैतरीण. लय झ्याक नाचतात, तू पाहजो. पण गेल्या सालच्या भजनाच्या बाया आमच्याच तिकडच्या. त्यांनी सांगतलं, आर्णीले बायांले कपडे बदलाले जागा नाही, गाठींच्या मांगं जा लागते. पहिल्या दिवशी आमचंच असलं, तर उजेडातच नेसून होते. अंधार पडल्यावर पोरींले तथी कसं धाडू, सांग बरं मले?”

पलीकडे, पानदानाच्या कपाटाशी मधुसूदनराव उभे होते. विडे घ्यायला आले होते. त्यांच्या हातात एक पान तसंच राहिलं.

निबंध वाचला तेव्हा त्यांना वाटलं होतं, सुनेनं परक्यांसमोर घर उघडं पाडलं. आता कळत होतं, की हे मुकुटबनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं; ठाऊक नव्हतं ते फक्त या घरच्या पुरुषांना. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक असताना मुलींची संख्या वाढावी म्हणून गावोगाव हिंडलेला माणूस मी, त्यांच्या मनात आलं, आणि मला हे एकदाही दिसू नये?

त्यांनी पान खाली ठेवलं आणि जिनिंगच्या मालकाला फोन लावला. अनघानं ऐकलं ते एकाच बाजूचं : “हाव, नमस्कार शेठ... नाही, पटांगण नाही, तुमच्या कचेरीची खोली... हो, न्हाणीघरासकट... तीन दिवस.” मग शेठचा आवाज एवढा मोठा आला की तो सगळ्यांनाच ऐकू गेला.

“अरे ले लो ना मास्तरजी! छियालीस साल में किसीने मांगीच नहीं!”

मधुसूदनरावांनी फोन खिशात ठेवला. कोणाकडे न पाहता म्हणाले, “खोली मिळाली. आतून कडी हाये.”

नानाजींनी टॉवेल एकदाचा खाली ठेवला. “मंग काय, आम्ही कव्हाही नाचतो. स्टेज तर आमाले लागतच नाही. खाली, लोकाईच्या मधात.”

“मग एकाच संध्याकाळी करता येईल,” अनघा म्हणाली. बोलता बोलताच तिला दिसत गेलं. “चार वाजता खाली पटांगणात दंडार. तिथं दिवे लागत नाहीत, उजेड असतो. आणि तेवढ्या वेळात वर, पडद्यामागे, राजदीपभाऊंची विहीर जोडून होईल. दंडार संपली की लोकांनी तिथंच वळून बसायचं.”

राजदीपनं बोटांवर काहीतरी मोजलं. “सहा वाजता पडदा. जमते, वहिनी!”

“अन् मधूचाही शब्द राह्यला, माहाही राह्यला,” विमलताई म्हणाल्या. तबकातल्या दोन्ही सुपाऱ्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या.

*

पाहुणे क्षितिजसोबत मांडवाची जागा पाहायला गेले आणि घरात गोंधळासारखा आनंद झाला. विमलताईंनी भावाला स्वतः विडा करून दिला. भावानं तो खाल्ला. शोभाताईंनी चहा टाकला. चार वाजले होते.

“पाह्य, ताई!” मधुसूदनराव आता पुरते रंगात आले होते. “दोन वराती एका मांडवात बसवल्या पोरीनं. आता मले सांग, पुण्याले जाऊन हिले कोण काय शिकवणार? हीच त्यांले शिकवून येईन!”

सगळे हसले. अनघाही हसली, आणि हसता हसता तिच्या पायाखालची जमीन जराशी सरकली. आठ दिवस ते रागावले होते तेव्हा जाणं सोपं होतं. हे कौतुक अवघड होतं. दार लावून घ्यावं तसं ते तिच्याभोवती लागत होतं, आतून, गोडीनं.

“बाबा,” ती म्हणाली, “आज मी विचारलं म्हणून झालं. मी नसते तर?”

“पण तू हाये न.”

“मला ताप आला असता तर?”

“शुभ बोल.”

“गेल्या वर्षी मी होते की. तरी ती मुलगी गाठींच्या मागे गेली. तेव्हा खोली मागायची हे मला सुचलंसुद्धा नाही. आपलं सगळं कोणाला तरी सुचण्यावर चाललंय, बाबा. कोणी रुसलं की मोडतंय. न सुचताही नीट व्हावं असं कसं करायचं, ते लोक शिकतात. नाट्यगृहं चालवतात, संग्रहालयं चालवतात. कलाकार यायच्या आधी त्यांची खोली तयार असते, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. मला ते यायला पाहिजे.”

“अन् शिकून नोकरी? आर्णीत कोणतं नाट्यगृह हाये?”

“नाहीच आहे.”

“मंग?”

‘परत येईन’ म्हणणं किती सोपं होतं. सगळे त्याचीच वाट पाहत होते. विमलताईंनीसुद्धा मान हलवून तिला तेच सुचवलं.

“मला माहीत नाही, बाबा,” अनघा म्हणाली. “नागपूरला मिळेल, पुण्यातच मिळेल, कदाचित इथंच काही उभं करता येईल. परत येते असं खोटं सांगून नाही जाणार मी.”

चहा उकळून वर आला. शोभाताईंनी तो उतरवला, गाळला, आणि कपबशा पुढे करत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, “परीक्षा होईपर्यंत वंती इथं राहीन. जूनमधे तिले घेऊन मी पुण्याले जातो. हिचं शिकणं होईपर्यंत.”

मधुसूदनरावांची बशी वाजली. “तू? पुण्याले?”

“काहून? मले एस्टीत चढता नाही येत?”

“अन् मी?”

“क्षितिज हाये, ताई हायेत.”

“मी त्याले रांधून नाही घालत,” विमलताई घाईनं म्हणाल्या.

“मंग शिकतीन दोघं बाप-लेक. या घरात आता शिकाचं वय उरलं नाही काय कोणाचं?” शोभाताई पहिल्यांदा खाली बसल्या. “मी इतकी वर्षं वाढतच राह्यली. एकही नाटक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाह्यलं नाही. पुण्यात म्हणे रोज असते. दुपारी पण असते.”

अनघा त्यांच्याकडे पाहत राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि ही बाई तिला आज भेटत होती.

मधुसूदनराव बराच वेळ बशीत फुंकर घालत बसले. चहा केव्हाच निवला होता. खरं तर त्यांनी मनातल्या मनात हा महोत्सव कधीच सुनेच्या ओटीत घातला होता. तिला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. आता सांगितलं तर ते अडवल्यासारखं होईल, एवढं त्यांना कळत होतं.

“ते तुझ्या निबंधात,” ते शेवटी म्हणाले, “गाठींचं लिहिलंस न. त्याच्या खाली एक ओळ टाक. यंदापासून खोली हाये म्हणा. आतून कडी हाये.”

“निबंध गेला बाबा कधीचा.”

“गेला काय?” त्यांनी चहा एका घोटात संपवला. “मंग तथी गेल्यावर तोंडी सांगजो.”

विमलताईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि भावाला म्हणाल्या, “बावळट.” आठ दिवसांत त्यांनी त्याला प्रेमानं दिलेली ही पहिली शिवी होती.

*

पाच वाजायला अकरा मिनिटं असताना अनघा मागच्या अंगणात आली. होकार लिहायला दोन ओळीच लागल्या. पाठवला. फोनवर एक लहानशी खूण आली, आणि बस, एवढंच. पलीकडे शेतातल्या तुरीवर ऊन पिवळं झालं होतं. समोरच्या खोलीत बहीण-भाऊ पुन्हा भांडत होते, दंडारीतल्या लोकांना जेवण आधी द्यायचं की नंतर यावर, मोठ्या आवाजात, एकमेकांशी.

वंती येऊन तिच्या मांडीत बसली. बोरांनी तोंड चिकट झालेलं.

“आजी म्हणे, तू शाळेत जाणार.”

“हो. मोठ्या शाळेत. पुण्याला.”

“अन् मी?”

“तुझी पहिलीची परीक्षा होईपर्यंत तू इथं, आजीजवळ. मी मधे मधे येणार. मग आंबे संपले की तू अन् आजी, दोघी माझ्याकडे.”

वंतीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. बोराची एक बी तोंडातून काढून आईच्या तळहातावर ठेवली. आजीजवळ झोपायला मिळणार, हे तिला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. तिला अडलं होतं ते दुसरीकडेच. कपाळाला बारीक आठी घालून ती विचार करत होती. अनघा तिच्या केसांतून बोटं फिरवत उत्तरं जमवत होती. रात्री भीती वाटली तर काय करायचं, फोन कधी करायचा, वेणी कोण घालणार, सगळ्याची.

“आई,” वंती म्हणाली, “मी इथं राह्यली, तर तिथं तू कोणाची आई राहशील?”